स्लाइड गिटार: कोणाला ऐकावं आणि ऐकताना काय पकडावं

प्रश्न असा आहे: ब्लूज आणि रॉकमधले तुमचे आवडते स्लाइड गिटारवादक कोण, आणि साधी गिटार बऱ्यापैकी वाजवता येणाऱ्याने स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायची काचेची किंवा धातूची नळी, हातात घेतली तर आधी कोणाकडून शिकावं?

नावं पुढे येतीलच, पण ती कशावरून निवडली ते आधी सांगायला हवं. माझे निकष दोनच. वादक नको असलेल्या तारा किती स्वच्छ बंद ठेवतो, आणि गंधार कुठे लावतो. टोन, ॲम्प, काच की पितळ हे सगळं त्यानंतर. बोटांनी वाजवताना जी तार दाबली ती बोलते, बाकीच्या आपोआप ताब्यात असतात. स्लाइड नुसती तारांवर टेकलेली असते. तिच्याखालच्या सगळ्या तारा जाग्या राहतात, शिवाय स्लाइडच्या मागचा, नटच्या (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) बाजूचा तारेचा तुकडाही बारीक किणकिणत राहतो. आणि फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी, इथे सूर देत नाही, फक्त जागा दाखवतो. त्यामुळे नवशिका वाजवतो तेव्हा दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: गोंगाट आणि बेसूरपणा. थोर वादकांनी या दोन्हींवर काय तोडगे काढले ते पाहिलं की आवडीनिवडीला आधार मिळतो.

ही चर्चा बोटात घालायच्या स्लाइडची आहे, गिटार नेहमीसारखी धरून वाजवण्याची. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतातून ओळखीची झालेली हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि भरीव स्टीलचा बार हातात धरून वाजवतात. नातं जवळचं आहे, पण तंत्र वेगळं. दुकानात नुसती ‘स्लाइड’ मागितली तर कधीकधी तो बारच हातात ठेवतात. आपल्याला पोकळ नळी हवी आहे.

आता ट्यूनिंग, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. साधं ट्यूनिंग म्हणजे नेहमीचं ई ए डी जी बी ई. ओपन ट्यूनिंग म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की आपोआप कॉर्ड वाजेल अशी जुळवणी. इंग्रजी अक्षरांपेक्षा सरगममध्ये ते चटकन बसतं. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना ओपन डी म्हणजे सा प सा ग प सा. त्यासाठी सहावी (सगळ्यात जाड), दुसरी आणि पहिली (सगळ्यात बारीक) तार नेहमीपेक्षा एक-एक स्वर (दोन फ्रेटइतकी) उतरवायची, दुसरी म्हणजे बी ची ए होते, आणि तिसरी अर्धा स्वर उतरवायची, जी ची एफ शार्प. हीच रचना एक स्वर वर नेली की ओपन ई: पाचवी आणि चौथी एक स्वर चढवायची, तिसरी अर्धा. दुसरं घराणं ओपन जी: प सा प सा ग प. सहावी, पाचवी आणि पहिली एक स्वर उतरवायची, बाकीच्या तीन तशाच. तेच एक स्वर वर गेलं की ओपन ए. दोन घराण्यांतला खरा फरक सगळ्यात बारीक तारेवर आहे. ओपन डी-ईमध्ये वर षड्ज असतो, त्यामुळे गाण्याचा शेवट ठाम, घरी येऊन बसल्यासारखा होतो. ओपन जी-एमध्ये वर पंचम असतो आणि षड्ज आत, तिसऱ्या तारेवर, म्हणून तिथला सूर जास्त तरंगता, बोलका वाटतो. वादक कोणत्या घराण्यातला ते पुष्कळदा पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतं.

ओपन डीच्या घराण्यात माझ्या यादीत सगळ्यात वर ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्सासचा हा अंध गायक धार्मिक गाणी गायचा, ब्लूज नव्हे, पण स्लाइडचा विषय त्याला वगळून सुरूच होत नाही. ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ ही त्याची १९२७ साली डॅलसमध्ये मुद्रित झालेली तबकडी १९७७च्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतही आहे. तिच्यात शब्द नाहीत, फक्त हुंकार आणि गिटार. ऐकताना अंगठ्याकडे लक्ष द्या. जाड तारांवरचा षड्ज संथ चालू असतो आणि सगळी चाल एका पहिल्या तारेवर सरकते. शब्द असलेल्या इतर गाण्यांत कित्येक ओळी तो आवाजाने सुरू करतो आणि शेवटचा शब्द गिटारला उच्चारायला लावतो. शिकणाऱ्यासाठी हा उत्तम पाठ आहे, कारण एकाच तारेवर काम असल्याने गोंगाटाचा प्रश्न निम्मा सुटतो आणि सगळं लक्ष सुरावर ठेवता येतं.

एल्मोर जेम्स त्याच्या अगदी उलट टोकाला. ‘डस्ट माय ब्रूम’ची १९५१ची तबकडी मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये मुद्रित झाली. १२व्या फ्रेटवर वरच्या तारा एकत्र, तीन-तीनच्या ठेक्यात. हा एक तुकडा पुढच्या प्रत्येक स्लाइडवाल्याने वाजवला आहे. सोपा वाटतो आणि बहुतेकांचा फसतो, कारण सगळे स्लाइडकडे बघतात आणि उजव्या हाताचा ठेका ढिला पडतो. जेम्सची अकूस्टिक गिटार, तिच्या भोकावर बसवलेला पिकअप (तारांचा आवाज ॲम्पकडे पोचवणारा) आणि फाटेपर्यंत चढवलेला ॲम्प, यांतून तो ओरडणारा आवाज येतो. पण दुसरं कुणी तोच आवाज जुळवून ठेका चुकवला तर काही उरत नाही. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याची हुबेहूब नक्कल करणारे बरेच झाले. ते मी कौतुकाने ऐकतो, पण परत-परत नाही.

शिकागोचा हाउंड डॉग टेलरही याच वाटेवरचा. स्वस्त जपानी गिटार, दोन गिटार आणि ड्रम, बास नाहीच. १९७१चा त्याचा पहिला अल्बम म्हणजे ॲलिगेटर या कंपनीचंही पहिलं प्रकाशन. त्याचा सूर काटेकोर नाही, तारा मोकळ्या वाजतात, म्हणजे माझ्या दोन्ही निकषांवर तो नापास व्हायला हवा. तरी यादीत आहे. लय इतकी पक्की असेल तर माझे निकष मी गुंडाळून ठेवतो.

ओपन जीच्या बाजूला सन हाउस. १९३० साली त्याने पॅरामाउंट या तबकडी कंपनीसाठी थोड्या तबकड्या केल्या, मग तो विस्मृतीत गेला आणि १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये लोकांनी त्याला शोधून काढलं. १९६५चं ‘डेथ लेटर’ ऐका: धातूची रेझोनेटर गिटार (आतल्या धातूच्या शंकूमुळे मोठा आवाज देणारी) आणि तारांवर जवळजवळ चापट मारणारा उजवा हात. स्लाइड इथे ठेक्याचा भाग आहे, शोभेचा नाही. त्याच्या शेजारी फ्रेड मॅकडॉवेल ठेवा. १९५९ साली लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने त्याला मिसिसिपीतल्या कोमो गावाजवळ ध्वनिमुद्रित केलं. एकच कॉर्ड धरून तासभर नाचवू शकेल असा हा माणूस. त्याचं ‘यू गॉटा मूव्ह’ रोलिंग स्टोन्सनी १९७१ साली ‘स्टिकी फिंगर्स’मध्ये घेतलं. पण मूळ रूपात गिटार गळ्याच्या पाठोपाठ शब्दाशब्दाला चालते, ते नकलेत येत नाही.

मडी वॉटर्सचं ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ (१९४८) हा गावाकडची ओपन जी शिकागोत विजेवर चढवली की काय होतं याचा पुरावा. सोबत फक्त एक डबल बास. पुढे बँड मोठा झाला आणि मडी साध्या ट्यूनिंगमध्ये, करंगळीतल्या आखूड स्लाइडने मोजके सूर लावू लागला. त्याचे १९५१चे ‘लाँग डिस्टन्स कॉल’ आणि ‘हनी बी’ ऐकताना गंधार आणि निषाद किती खाली धरलेत बघा. पियानोच्या पट्टीवर तो सूर नाहीच.

इथून आपण साध्या ट्यूनिंगमध्ये शिरतो आणि इथेच मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण साधी गिटार येणाऱ्याला हीच वाट सोयीची असून तीच कुणी दाखवत नाही. रॉबर्ट नाइटहॉक आणि त्याच्याकडून शिकलेला अर्ल हूकर हे दोघे साध्या ट्यूनिंगचे राजे. नाइटहॉकचं १९४९चं ‘ॲनी ली ब्लूज’ म्हणजे संथ, ओलसर, एकेरी सुरांची गिटार. हूकरने तो हलका हात घेतला आणि त्यात जॅझ व कंट्रीची बोटं मिसळली. त्याची स्लाइड आखूड, स्टीलची. त्यामुळे एकाच ओळीत अर्धे सूर बोटांनी आणि अर्धे स्लाइडने असं तो सहज करतो आणि सांधा दिसत नाही. त्याचा ‘ब्लू गिटार’ हा वाद्यसंगीताचा तुकडा चेस या तबकडी कंपनीच्या लिओनार्ड चेसने घेतला, त्यावर मडी वॉटर्सचा आवाज चढवला आणि १९६२ साली ते ‘यू शूक मी’ म्हणून बाहेर आलं. लेड झेपेलिनने १९६९ साली गायलेलं ते हेच. म्हणजे जगभर पोचलेल्या त्या गाण्याची मूळ चाल हूकरच्या स्लाइडची. क्षयाने तो १९७० साली गेला, वय पुरतं ४२ही नव्हतं. बाकीच्यांच्या मानाने त्याचं नाव आजही कमी घेतलं जातं, हे मला पटत नाही.

साध्या ट्यूनिंगची अडचण अशी. चौथी, तिसरी आणि दुसरी या मधल्या तीन तारा मिळून मेजर कॉर्ड होते: डी, जी, बी म्हणजे प सा ग. एवढंच भांडवल. पहिली तार त्यात मिसळली की धैवत घुसतो आणि वळण वेगळंच होतं, पाचवी मिसळली की रिषभ. म्हणून ओपन ट्यूनिंगमधल्यासारखी स्लाइड सहा तारांवर सरसकट टेकवून चालत नाही. तिचं टोक हव्या त्या तारेवर टेकवायचं आणि मागचा भाग किंचित उचललेला ठेवायचा. करंगळीत आखूड स्लाइड असेल तरच हे जमतं. हूकरचा आवाज स्वच्छ का, याचं निम्मं उत्तर या आखूडपणात आहे.

ड्वेन ऑलमनकडे बहुतेक रॉक ऐकणारे आधी येतात, आणि ते योग्यच आहे. १९७१च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये मुद्रित झालेल्या ऑलमन ब्रदर्स बँडच्या अल्बमची सुरुवातच त्याच्या ‘स्टेट्सबरो ब्लूज’ने होते. मूळ गाणं ब्लाइंड विली मॅकटेलचं, १९२८चं, पण ड्वेनला ते ताज महाल या अमेरिकन गायकाच्या १९६८च्या मुद्रणातून भेटलं, जिथे स्लाइड जेसी एड डेव्हिसची आहे. डेव्हिसचं ते मुद्रण आधी ऐका, मग ड्वेनने काय वाढवलं ते उमगेल. ड्वेनची स्लाइड म्हणजे कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली, अनामिकेत. ट्यूनिंग बहुधा ओपन ई, पण ‘ड्रीम्स’सारख्या काही ठिकाणी साधंही. स्लाइड वाजवताना पिक (तार छेडायची पातळ चकती) नाही, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट.

पिक टाकण्यामागे शैलीचा हट्ट नाही, तारा बंद ठेवण्याचं साधं गणित आहे. उजव्या हाताचा अंगठा आडवा टेकून सहावी, पाचवी, चौथी झाकतो. तर्जनी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर, अनामिका पहिलीवर विसावलेली. जी तार वाजवायची तिचं बोट तेवढं उठतं, छेडतं आणि पुढच्या तारेवर जायची वेळ आली की लगेच परत त्याच तारेवर बसतं. म्हणजे पहिला सूर दुसऱ्याच्या अंगावर सांडत नाही. डावीकडे स्लाइड अनामिकेत असल्यामुळे तर्जनी आणि मधलं बोट मोकळी राहतात. ती स्लाइडच्या मागे तारांवर हलकी टेकलेली सरकत येतात आणि नटकडची किणकिण मारतात. दाबायचं नाही, फक्त स्पर्श. हा सराव ॲम्प बंद ठेवून करू नका, उलट थोडा जास्त गेन (ॲम्पचा आवाज फाटेपर्यंत चढवणारं बटण) देऊन करा. गेनमध्ये प्रत्येक चूक मोठी होऊन ऐकू येते. पिकनेच वाजवायचं असेल तर तळव्याची कड जाड तारांवर आणि उरलेली दोन बोटं बारीक तारांवर ठेवूनही काम होतं, पण तारा बदलताना एखादी निसटतेच.

ड्वेनच्या ओपन ईचा नकाशा लहान आहे. १२व्या फ्रेटवर सा, प, ग. तिथून दोन फ्रेट मागे, १०व्यावर, पहिल्या तारेला कोमल निषाद, दुसरीला मध्यम, तिसरीला रिषभ. तीन फ्रेट पुढे, १५व्यावर, पहिलीला कोमल गंधार आणि दुसरीला कोमल निषाद. त्याचं बरंच काम एवढ्या जागेत उरकतं, पट्टी बदलली की हाच चौकोन सरकतो. एरिक क्लॅप्टनच्या बँडबरोबरच्या ‘लेला’ या गाण्याच्या शेवटी तो फ्रेटबोर्ड संपल्यावरही वर जातो. तिथे जागा किती अरुंद होते ते आकड्यात बघा. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर ११व्या आणि १२व्या फ्रेटमध्ये सुमारे १९ मिलिमीटर असतात. एक सप्तक वर तेच अंतर साडेनऊवर येतं. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही, कानच हवा.

लोवेल जॉर्ज आणि बॉनी रेट या दोघांना मी नेहमी एकत्र सुचवतो. दोघे ओपन एचे, पण हाताची बांधणी वेगळी. लिटल फीट या बँडच्या लोवेलने करंगळीत स्पार्क प्लग खोलायचा अकरा-सोळांश इंचाचा सॉकेट घातला. जाड, जड पोलाद. वर काँप्रेसरवर काँप्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारं पेडल) चढवून सूर इतका लांबवला की तो विझतच नाही. काँप्रेसरचं दुखणं असं की तो हळू आवाज वर उचलतो, म्हणजे तुमची किणकिण आणि खरखरही. ज्याचे हात स्वच्छ नाहीत त्याने या पेडलला हात लावू नये. १९७८चा ‘वेटिंग फॉर कोलंबस’ हा थेट मैफिलीचा अल्बम ऐका आणि ओळींमधली शांतता किती कोरडी आहे ते बघा.

रेटने मॅकडॉवेलकडून प्रत्यक्ष शिकून घेतलं. ती स्लाइड मधल्या बोटात घालते. शिक्षक सहसा हे शिकवत नाहीत. तोटा असा की मागे तारा झाकायला एकटी तर्जनी उरते. फायदा असा की मधलं बोट हाताच्या मध्यावर असतं, त्यामुळे कंप मनगटातून सरळ, समतोल येतो. तिच्या सुराला गळ्याचा धर्म आहे, याचं श्रेय मी तिच्या कंपाला देतो. करंगळीत घातली तर कॉर्ड धरायला तीन बोटं मोकळी, अनामिकेत ताबा आणि झाकणं यांचा मेळ, मधल्या बोटात कंप सर्वांत सुंदर. ज्याला गाता-गाता साथही करायची आहे त्याने करंगळी घ्यावी, फक्त एकेरी सुरांचं वेड असेल तर अनामिका. एकदा ठरवलं की बदलू नका, सगळी झाकण्याची सवय नव्याने लावावी लागते.

राय कूडर हा या यादीतला सर्वांत कमी सूर वाजवणारा माणूस. ‘पॅरिस, टेक्सास’ (१९८४) या चित्रपटाचं त्याचं संगीत वर सांगितलेल्या ब्लाइंड विली जॉन्सनच्या तबकडीवरच उभं आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की परंपरा पुढे कशी जाते ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्यासाठी जास्त जवळचं म्हणजे विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबरचं ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. १९९३ साली आलेल्या या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. त्यात भट्ट यांची मोहनवीणा (त्यांनी स्वतः घडवलेली स्लाइड गिटार) मांडीवर, बारने वाजते आणि कूडरची बाटली बोटात असते. मींड दोघेही घेतात, पण भट्ट सुरावर पोचल्यावर थांबून तो दाखवतात, कूडर पोचतो आणि लगेच सोडून देतो. हिंदुस्तानी संगीतात स्लाइड गिटार रुजवण्याचं श्रेय ब्रिजभूषण काब्रांचं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरचा त्यांचा १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पुष्कळ मराठी घरांत वाजलेला आहे, फक्त ती स्लाइड गिटार आहे हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

डेरेक ट्रक्स हा आज वाजवणाऱ्यांतला माझा पहिला क्रमांक. जन्म १९७९, जॅक्सनव्हिल. कायम ओपन ई, अनामिकेत काच, पिक नाही, गिब्सन एसजी आणि फेंडरचा ॲम्प, मध्ये पेडलची गर्दी नाही. आवाजाचा चढ-उतार तो गिटारवरच्या नॉबने आणि बोटांच्या जोराने करतो. अली अकबर खाँचा सरोद आणि नुसरत फतेह अली खाँची कव्वाली त्याने मन लावून ऐकली आहे आणि ते दिसतं. तो सुरावर खालून येतो, सूर स्थिर ठेवतो आणि कंप शेवटी देतो. बहुतेक जण कंप लगेच सुरू करतात, कारण हलवत राहिलं की सूर नक्की कुठे आहे ते झाकलं जातं. ट्रक्स झाकत नाही.

आता गंधाराचा हिशेब. गिटारच्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग. स्लाइडला फ्रेटचं बंधन नसल्यामुळे हा फरक मिटवता येतो. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर १२व्या फ्रेटपाशी १४ सेंट म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर. तेवढं मागे राहिलात की कॉर्ड एकदम शांत होते. सगळी कॉर्ड एकत्र वाजवताना मात्र स्लाइड सरळच असते, म्हणून गंधाराची तारच ट्यूनरवर १० ते १४ सेंट उतरवून लावतात: ओपन ई-डीमध्ये तिसरी, ओपन जी-एमध्ये दुसरी. याची किंमत अशी की तीच तार बोटाने दाबून दुसरी कॉर्ड वाजवली तर ती उतरलेली लागेल. निव्वळ स्लाइड वाजवणार असाल तर उतरवा, दोन्ही करणार असाल तर ५-६ सेंटवर समझोता करा. ब्लूजचा गंधार याहूनही खाली, कोमल आणि शुद्ध यांच्या मधे असतो. तिसऱ्या तारेवर ११व्या आणि १२व्याच्या दरम्यान तो शोधायचा, आणि तो एका ठिकाणी बसलेला नसतो. गाण्यात दुःख वाढलं की खाली सरकतो, सुटका आली की वर.

सनी लँड्रेथ हा वेगळा प्राणी. लुइझियानाचा, करंगळीत जड काच, उजव्या अंगठ्यावर अंगठापिक. त्याची करामत म्हणजे स्लाइडच्या मागे बोटाने तार दाबणं. ओपन ईमध्ये स्लाइड १२व्यावर ठेवली की मेजर कॉर्ड वाजते. आता मोकळ्या बोटाने तिसरी तार ११व्या फ्रेटवर दाबा. ती तार स्लाइडपासून खाली सुटते, ११व्याचा सूर देते, शुद्ध गंधाराचा कोमल होतो आणि मेजरची मायनर. ओपन ट्यूनिंगमध्ये मायनर मिळत नाही ही जुनी तक्रार अशी मिटली. हे फसतं ते दोन कारणांनी: ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, फार खाली असेल तर तार स्लाइडपासून सुटायला जागाच नसते, आणि स्लाइड जोरात दाबली असेल तर ती दाबलेल्या तारेलाही चिकटून राहते. १९९५चा ‘साउथ ऑफ आय-टेन’ ऐका, पण शिकायला मात्र शेवटी घ्या.

जॉनी विंटरचा उल्लेख न करता पुढे गेलो तर रागावणारे आहेत, तेव्हा: १९६९च्या ‘सेकंड विंटर’मधलं ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’. करंगळीत लोखंडी नळीचा तुकडा, अंगठापिक, प्रचंड वेग. आदर आहे, पण माझा कान दमतो.

आता हत्यारं. साध्या ९ नंबरच्या तारांवर (नंबर म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) स्लाइड वाजवायचा प्रयत्न हे पहिलं अपयश. तार दबते, स्लाइड फ्रेटवर आपटते, सूर चढतो. इलेक्ट्रिकवर किमान ११ ते ४९चा संच घ्या. १२व्या फ्रेटपाशी तारेची उंची बारीक बाजूला २ मिलिमीटर आणि जाड बाजूला अडीचच्या आसपास असली की स्लाइडही चालते आणि बोटंही. ओपन ई आणि ओपन एमध्ये तारा चढवाव्या लागतात. एक स्वर चढवला की त्या तारेचा ताण सुमारे २६ टक्के वाढतो. इलेक्ट्रिक गिटार ते सोसते. १२चा संच असलेल्या अकूस्टिकवर करू नका, ब्रिज उचलला जातो. तिथे ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) घाला, ओपन ई मिळालं. फ्रेटबोर्डची गोलाईही तपासा. जुन्या फेंडर धर्तीच्या सव्वासात इंची गोलाईवर सरळ नळी एका वेळी तीन-चार तारांनाच नीट टेकते. गिब्सनच्या १२ इंचीवर सगळ्यांना टेकवणं बरंच सोपं.

स्लाइड काचेची घेतली तर आघात मऊ आणि जाड तारांवरची सरकण्याची खरखर कमी. पितळ जड, सूर लांब, पण घामाने काळं पडतं. भिंतीची जाडी ३ मिलिमीटरच्या खाली नको, पातळ नळीचा आवाजही पातळ. सहाही तारांना पुरायला लांबी ५५ ते ६५ मिलिमीटर, हूकरसारखी एकेरी वाजवायची तर निम्मीही चालेल. हात सरळ खाली सोडल्यावर पडायला नको आणि ओढून काढावी लागायला नको, हे माप बरोबर. थोडी सैल असेल तर आतून कापडी पट्टी चिकटवा. बाटलीचा गळा घरी कापणाऱ्यांनी कड वॉटर पेपरने घासावी, २२० नंबरपासून ६०० पर्यंत, पाण्यात बुडवून, तोंडाला मास्क लावून. कोरडी काच घासू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

वाजवताना स्लाइडचा मध्य बरोबर फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर हवा, दोन फ्रेटच्या मधे नाही. वरून वाकून बघितलं की स्लाइड आहे त्याहून वेगळ्या जागी दिसते आणि सूर उतरा किंवा चढा लागतो, म्हणून नजरेवर फार विसंबू नका. नळी फ्रेटला समांतर हवी. अनेकांची जाड तारांकडची बाजू नटकडे कलते आणि मग कॉर्डमधल्या खालच्या तारा उतरलेल्या लागतात. दाब एवढाच की तार खडखडणार नाही. खडखड ऐकू आली की लोक दाब वाढवतात, पण बऱ्याचदा कारण सैल बसणारी स्लाइड किंवा फार बारीक तारा हे असतं.

सरावाचा क्रम असा ठेवा. ओपन डी लावा, मोबाइलवरचा तानपुरा पांढरी दोनवर सुरू करा. पहिला आठवडा फक्त तिसऱ्या तारेवर: ११व्याच्या खालून निघून गंधारावर पोचायचं आणि कंप न देता चार मोजेपर्यंत थांबायचं. तानपुऱ्याशी घासला तर लगेच कळेल. दुसऱ्या आठवड्यात पहिली तार, अंगठ्याने सहावीवर षड्ज चालू ठेवून, ब्लाइंड विलीची एक ओळ. पहिल्या दोन तारा आणि तीन-तीनचा ठेका, म्हणजे एल्मोर, तिसऱ्या आठवड्यात, मेट्रोनोम ८०वर, आणि तोपर्यंत ॲम्पला हात नाही. मग गेन वाढवून ड्वेनचा चौकोन, एकेक तार बदलत, प्रत्येक सुरानंतर पूर्ण शांतता आणत. साध्या ट्यूनिंगवाल्यांनी हे दोन महिने झाल्यावर तारा परत नेहमीच्या लावाव्यात, आखूड स्लाइड करंगळीत घालावी आणि ‘ॲनी ली ब्लूज’ची पहिली ओळ मधल्या तीन तारांवरच बसवावी. पहिली तार मध्ये बोलली तर चूक स्लाइडच्या मागच्या भागाची आहे, तो उचला.